वाचकांचे प्रश्न: फोर बाय फोरला रिम केवढी, टायर कुठला?

मागच्या अंकात पावसात चोर्ला घाटातनं गाडी कशी न्यायची ते लिहिलं होतं, आणि त्यानंतर आलेली जवळजवळ सगळी पत्रं फोर बाय फोरच्या, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशा गाड्यांच्या, टायरवरच आहेत. म्हणून ह्या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही पण बरेच प्रश्न एकसारखेच होते, तेव्हा पाच पत्रं घेतलीत, तुमचा प्रश्न त्यातल्या कुठल्यातरी एकात सापडेल.

नमस्कार सर, मी खानापूरचा. गेल्या दिवाळीत सेकंडहँड थार घेतलो, २०२१ची, डिझेल, १६ची लोखंडी डिस्क आहे. घरचे चौघं, महिन्यातनं एकदा चोर्ल्यानं गोवा, वर्षातनं एक मोठी टूर, यंदा राजस्थान करायचं डोक्यात आहे. मित्र मागं लागलेत २०ची मॅगव्हील (ॲल्युमिनियमची रिम) बसव म्हणून, टायरवाला म्हणतोय १८ तरी घे. काय करू सांगा की.

दादा, १६चीच ठेवा. लोखंडीच ठेवा. आता का ते सांगतो, जरा लांबेल पण एकदा हे डोक्यात बसलं की पुढं कुणाला विचारायची गरज राहत नाही.

तुमच्या टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलेलं असणार. २४५ म्हणजे रुंदी, मिलीमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ७५ टक्के उंच, म्हणजे १८४ मिलीमीटर. १६ ही रिम, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचं चाक किंवा डिस्क, तिचा व्यास इंचात. भिंत वर एकदा आणि खाली एकदा धरायची, ३६८ झाले, त्यात १६ इंचाचे ४०६ मिळवले की अख्ख्या चाकाची उंची ७७४ मिलीमीटर. त्याच थारच्या वरच्या मॉडेलला कंपनी २५५/६५ आर १८ देते, त्याचा हिशोब केला तर भिंत १६६ आणि पूर्ण चाक ७८९. म्हणजे रिम दोन इंचानं मोठी झाली पण चाक फक्त १५ मिलीमीटरनं वाढलं, बाकीची जागा रिमनं रबराची खाल्ली. आता मित्र म्हणतात ती २०ची घ्या, चाक मूळ उंचीचंच ठेवायचं तर त्यावर २६५/५० सारखा टायर येणार, पूर्ण चाक ७७३, आणि भिंत किती? साधारण १३३. तुमच्या आजच्या टायरपेक्षा प्रत्येक बाजूला ५१ मिलीमीटर रबर कमी, दोन इंच झाले की हो.

ते दोन इंच काय करतात ते मी डोळ्यानं बघितलंय म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय. काही वर्षांमागं माझ्या आधीच्या गाडीला मी मोठी मॅगव्हील आणि पातळ टायर घातले होते, दिसायला गाडी खरंच सुंदर दिसायची. ऑगस्टात कणकुंबीच्या पुढं, धुकं एवढं की बोनेटच्या पुढचं दिसेना, आणि पाण्यानं भरलेला खड्डा. डावीकडचं पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं एकामागं एक त्यात आपटली. खाली उतरून टॉर्च मारला तर टायरच्या भिंतीवर दोन समांतर चिरा, बोटभर अंतरावर, सापानं डसल्यासारख्या, आणि आतनं पांढरे दोरे बाहेर आलेले. खड्ड्याची कड आणि रिमची कड ह्यांच्यामध्ये रबर चिमटीत सापडतं तेव्हा नेमकं असंच होतं, भिंत उंच असती तर ती दबली असती आणि परत उठली असती. मागच्या रिमला तर तडा गेलेला, आणि तडा गेलेल्या रिमवर ट्यूबलेस टायर हवा धरत नाही, कितीही भरा. स्टेपनी एक आणि फुटलेली चाकं दोन. दोन्ही पोरं गाडीत, आईही होती, मोबाईलला रेंज नाही, शेवटी दूधवाल्या टेंपोनं जांबोटीपर्यंत आणलं. लोखंडी डिस्क असती तर वाकली असती, वाकलेली डिस्क जांबोटीतला पंक्चरवालासुद्धा हातोड्यानं ठोकून निदान खानापूरपर्यंत जाण्याएवढी करून देतो. तडकलेल्या मॅगव्हीलचं तिथं कुणीच काही करू शकत नाही.

राजस्थानचंही तेच. जैसलमेरकडं वाळूत उतरायचं तर हवा कमी करायला लागते, अठरा-वीस पीएसआयपर्यंत, म्हणजे टायर खाली पसरतो. तो रुंदीला फार पसरत नाही, लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि त्यामुळं वाळूवर तरंगतो. पण पसरायला भिंतच नसेल तर काय पसरणार? २०च्या रिमवर हवा तेवढी कमी केलीत तर रिम वाळूखालच्या पहिल्या दगडाला टेकली म्हणून समजा. वाळूतनं बाहेर आलात की लगेच हवा परत भरायची, डांबरी रस्त्यावर कमी हवेत पळवलं तर टायर तापून फुटतो, म्हणून एक चांगला कंप्रेसर गाडीत हवाच.

आता १६च्या रिमवर टायर कुठला? एक तर आहे तोच २४५/७५, ऑल टेरेन नक्षीचा, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्ही रस्त्यांना चालणारा. थोडा रुंद हवा असेल तर २६५/७० आर १६, पूर्ण चाक ७७७, म्हणजे मूळ चाकात आणि ह्यात साडेतीन मिलीमीटरचाच फरक, स्पीडोमीटरला कळणारसुद्धा नाही. लोक २६५/७५ सुद्धा घालतात, तो ८०४चा. चाक ३० मिलीमीटरनं वाढलं म्हणजे गाडी ३० मिलीमीटरनं उचलली असं नाही, अर्धीच उचलते, १५. त्या १५ मिलीमीटरसाठी काट्यावर शंभर दिसतात तेव्हा गाडी जवळपास १०४च्या हिशोबानं पळते, किलोमीटर कमी नोंदले जातात, गिअर जड वाटतात, ब्रेकला जास्त वजन थांबवायला लागतं, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की घासायची शक्यता. मला तो सौदा पटत नाही.

घासतंय का हे बघायची एक सोपी पद्धत सांगतो, कुठलाही टायर बदलला की करा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात तिथं, पांढरा खडू चांगला जाड घासा. जमिनीवर जांभ्याचा एक चिरा ठेवा, पुढचं डावं चाक त्यावर हळू चढवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं फिरवा, मग तेच उजव्या चाकाचं. मग खाली वाकून मडगार्डच्या आत, बंपरच्या मागं आणि चेसीजवळ बघा, खडू उमटलाय का. उमटला असेल तर चार माणसं आणि सामान भरल्यावर तिथं रबर घासणारच. हे सगळं बिल द्यायच्या आधी, दुकानदाराच्या दारात करा.

आणि एक, इन्शुरन्स. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्याबद्दल आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. कंपनी स्वतः त्या मॉडेलला देते त्या मापांच्या आसपास राहिलात तर क्लेमच्या वेळी वाद घालायची पाळी सहसा येत नाही.

सर, मी टिळकवाडीत राहते, जिम्नी आहे माझ्याकडं. एकटीच किंवा मैत्रिणीबरोबर फिरते, आंबोली, तिळारी, दांडेली. कंपनीचा टायर फार बारीक वाटतो. २३५/७५ आर १५ घालू का?

ताई, २३५ नको, २१५/७५ आर १५ घाला.

कंपनीचा १९५/८० आर १५ आहे, पूर्ण चाक ६९३. तुम्ही म्हणता तो २३५/७५ जातो ७३३वर, चाळीस मिलीमीटर, जवळपास सहा टक्के वाढ. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आहे तुमचं, गाडी हलकी आहे हे तिचं सगळ्यात मोठं बळ, त्यात प्रत्येक चाकाला चार-पाच किलो वजन वाढवलं की तिळारीचा चढ तुम्हाला एक गिअर खाली टाकून चढायला लागणार, शिवाय कंपनीची रिम साडेपाच इंच रुंदीची आहे, २३५च्या टायरला ती अरुंद पडते, म्हणजे रिमपण बदला, मग गाडी वर उचलायला लिफ्ट किट घाला, खर्चाला शेवट नाही.

२१५/७५चं चाक ७०३चं. दहा मिलीमीटर वाढ, दीड टक्का, काही घासत नाही, मूळ रिमवर बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा बोलेरोचा टायर आहे! आपल्याकडं चंदगड घ्या, जोयडा घ्या, रामनगर घ्या, बोलेरो नाही असं गाव नाही, त्यामुळं हा टायर नवा नाही तर जुना, कुठल्यातरी टपरीवर टांगलेला सापडतोच. बाई माणसानं एकटं फिरायचं तर ही गोष्ट मी नक्षीपेक्षा, ब्रँडपेक्षा, सगळ्यापेक्षा वरची धरतो. टायरचं माप निवडताना स्वतःला विचारायचं की हा अंधार पडायच्या आत कुठं मिळेल.

टायरवर मापाच्या पुढं एक आकडा आणि अक्षर असतं तेवढं बघून घ्या. तो आकडा म्हणजे भार. तुमच्या मूळ टायरला ९६ आहे, म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो. नव्याचा आकडा त्याच्यापेक्षा कमी नको. २१५ मध्ये १०० सहज मिळतो, ८०० किलो.

साहेब, आम्ही अथणीकडले. स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर आहे, १८ची रिम. शेतात ऊस तोडणी चालू झाली की काळ्या रानात गाडी न्यावी लागते आणि अवकाळी पाऊस पडला की रुतून बसते. मड टेरेन, म्हणजे मोठ्या खाचांचे चिखलातले टायर घातले तर निघंल काय? बाकी पंढरपूर, तिरुपती पण ह्याच गाडीनं असतंय.

काका, खरं सांगायचं तर ओल्या काळ्या मातीत निघंल असा टायर बनलेला नाही. आमच्या खानापूर पट्ट्यातली तांबडी माती निसरडी असते पण खाली जांभ्याचा खर असतो, टायर वरचा चिखल कापून खाली टेकतो. तुमची काळी रेगडी तशी नाही, ती टायरच्या खाचांत जाऊन बसते आणि चार फेऱ्यांत मड टेरेनचासुद्धा गोटा होतो, मग गुळगुळीत टायर आणि तो सारखाच. मड टेरेन चिखल फेकतो तो वेगानं फिरल्यावर, आणि वेगानं फिरवलं की काळ्या रानात गाडी खाली खणत जाते. एक्सल टेकला की ट्रॅक्टर बोलवा.

वर्षातले पाच-दहा दिवस रानातले आणि बाकी सगळं डांबरी. मड टेरेन डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो, आणि पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर गाडी जास्त पुढं जाते. तिरुपतीला घरची माणसं घेऊन जाणार तुम्ही, त्यांचा विचार पहिला. ऑल टेरेनच घ्या.

माप मात्र बदलता येईल तुम्हाला, आणि ते मी नक्की सुचवीन. तुमचा आहे २५५/६० आर १८, पूर्ण चाक ७६३. त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी १७ची रिम देते. १७च्या रिमवर २५५/६५ घातलात तर चाक ७६३च, एका मिलीमीटरचाही फरक नाही, स्पीडोमीटर, एबीएस, सगळं जसंच्या तसं, आणि भिंत १५३ची होती ती १६६ झाली. उसाच्या ट्रॉल्यांनी फोडलेल्या रस्त्यावर ते तेरा मिलीमीटर तुमच्या कमरेला आणि रिमला दोन्हीला कळतील. घ्यायच्या आधी एक रिम नुसती चढवून हातानं फिरवून बघा, पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना.

रानात शिरायच्या आधी हवा बावीस-चोवीसवर आणा, फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकं हळू पण जोरात फिरवणाऱ्या गिअरमध्ये, घाला, दुसऱ्या गिअरला एका चालीत न्या, मधे थांबू नका. आणि रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी गाडी बांधावरच ठेवा.

फॉर्च्युनर फोर बाय फोर, निपाणी. चाकं आत वाटतात म्हणून ३० एमएमचे स्पेसर, म्हणजे रिम आणि हबच्या (चाक जिथं बसतं त्या भागाच्या) मधे बसणाऱ्या जाड चकत्या, घालायचेत. बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीचा लेथवाला आहे, ॲल्युमिनियमचे करून देतो म्हणतोय. चालेल ना?

नको.

उद्यमबागेतल्या हातांबद्दल मला शंका नाही, तिथं होणारं मशीनिंग बघितलंय मी, माप दिलं तर मापात देतील. शंका मापाबद्दल नाही, भाराबद्दल आहे. चाक ३० मिलीमीटर बाहेर गेलं की गाडीचं वजन बेअरिंगवर सरळ न येता तरफेसारखं बाहेरनं येतं, खड्ड्यातला प्रत्येक दणका वाढून बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर बसतो, स्टिअरिंग हाताला झटके देतं. आणि चाक आता गाडीला थेट नटांनी धरलेलं नसून स्पेसरला धरलेलं आहे, स्पेसर हबला धरलेला आहे, म्हणजे ढिले व्हायच्या जागा दुप्पट. फॉर्च्युनरला सहा बोल्ट, त्यांचं वर्तुळ १३९.७ मिलीमीटरचं, आणि मधलं भोक १०६.१चं. चाकाचं वजन हबच्या त्या मधल्या कडेवर नीट बसायला हवं, तिथं सैल राहिलं तर सगळा ताण एकट्या बोल्टांवर. टेस्टिंग न झालेल्या ॲल्युमिनियमवर अडीच टनांची भरलेली गाडी आणि आतली माणसं सोडू नका.

चाकं बाहेर हवीच असतील तर रिम बदला, ज्या रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर, मूळ रिमपेक्षा थोडासाच कमी आहे अशी घ्या, दहा-पंधरा मिलीमीटर, त्याच्या पुढं जाऊ नका.

हिंडलग्याहून एका निवृत्त फौजी काकांनी विचारलंय की फोर बाय फोरचे मागचे दोन टायर झिजलेत, पुढचे अर्धे शिल्लक आहेत, तर मागं दोनच नवे घातले तर चालतील का, आणि स्टेपनी जुन्या मापाची आहे ती तशीच ठेवली तर? शिवाय टूरला हवा किती ठेवायची?

काका, नुसती मागच्या चाकावर चालणारी गाडी असती तर मी हो म्हटलं असतं. तुमची फोर बाय फोर आहे. थार, गुरखा, जिम्नी, ह्या सगळ्या गाड्यांत फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात, मधे डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा, नसतं. मागचं चाक मोठं आणि पुढचं छोटं असेल तर एका किलोमीटरमध्ये पुढच्याला जास्त फेऱ्या मारायच्या असतात पण गिअरबॉक्स मारू देत नाही. माती असेल तर टायर थोडा घसरून तो फरक काढून टाकतो. कोरड्या डांबरावर काढू शकत नाही, तो पीळ ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे दोन्ही एक्सलांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, साठत जातो, लिव्हर परत टू व्हीलमध्ये यायला नकार देतो, आणि मग जे तुटतं ते महाग असतं. म्हणून चारही एका मापाचे, एका ब्रँडचे, सारखे झिजलेले हवेत.

स्टेपनीला ह्यातच धरायचं. टायर बदलताना चार नाही, पाच घ्या, आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवा, म्हणजे स्टेपनीपण बाकीच्यांच्या बरोबरीनं झिजते. घेताना भिंतीवरचे चार आकडे बघा, ३२२४ असेल तर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. पाचही जवळच्या तारखांचे मागून घ्या, दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

हवेचं म्हणाल तर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. सामान भरलंय तर भरलेल्याचा आकडा, सकाळी टायर थंड असताना. मग एक तपासणी करा. समजा बेळगावात ३२ भरलीत, हायवेनं निघालात, तवंदी घाट उतरून निपाणीला चहाला थांबलात, उतरल्या उतरल्या गेज लावा. ३६च्या आसपास आली तर बरोबर. ३८-३९ दाखवली तर टायर जास्त तापलाय, म्हणजे सकाळी हवा कमी होती, दुसऱ्या दिवशी दोन-तीन वाढवून निघा. फक्त ३३-३४ असेल तर सकाळी जास्त भरली गेली, दुसऱ्या दिवशी थोडी कमी भरा. वाढलेली दिसली म्हणून तिथंच गरम टायरची हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती आणखी खाली जाते. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला जाड टायर घेतला असेल तर त्याला स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय जास्तच लागते, तेवढं टायरवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीनं सगळ्यांना ३० मारतो.